ए१८.० पुन्हा पुन्हा परत येतोय? हाडं, सांधे आणि स्नायूंच्या टीबीचं कोडिंग कुठे अडतं

रुग्णाच्या आजाराला ठरलेला कोड लावून विम्याचा क्लेम पाठवणाऱ्या कोडरची तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "टीबीचाच कोड टाकलाय, तरी क्लेम परत आला." चार्ट उघडून बघावं तर पहिल्याच रकान्यात ए१८.०, म्हणजे हाडं आणि सांध्यांच्या क्षयाचा (टीबीचा) कोड, बसलेला. त्याच्या शेजारी कधी एम०१.१, कधी गुडघेदुखीचा कोड, कधी दोन्ही. मी बरीच वर्षं ऑडिटला बसते आणि या एका कोडात नवे-जुने सगळेच अडकलेले पाहिलेत. कारणं दर वेळी वेगवेगळी सांगितली जातात. खणत गेलं की बहुतेक वेळा दोनपैकी एक निघतं. एक तर कोडरने दुसऱ्याच पुस्तकातला कोड उचललेला असतो, नाहीतर डॉक्टरांनी टीबी लिहिलाय पण तो शरीरात नेमका कुठे ते लिहिलेलं नसतं.

(कोड इथे देवनागरीत लिहितेय. सिस्टीममध्ये ए, एम, झेड ही अक्षरं रोमनमध्येच टाकायची, हे सांगायला नकोच.)

आधी पुस्तक कोणतं ते बघा

आयसीडी-१० (आजारांच्या कोडांचं पुस्तक) म्हणून आपण बोलतो तेव्हा प्रत्यक्षात दोन पुस्तकं असतात. एक जागतिक आरोग्य संघटनेचं मूळ आयसीडी-१०, ज्याला १९९० साली मंजुरी मिळाली. दुसरं अमेरिकेने त्यावरून बनवलेलं आयसीडी-१०-सीएम. तिथल्या क्लेमवर ते १ ऑक्टोबर २०१५ पासून चालतं. ए१८.० दोन्हींत आहे, आणि नावही तेच, हाडं आणि सांध्यांचा क्षय. सगळा घोळ या सारखेपणातून होतो.

मूळ पुस्तकात ए१८.० हा पुरा कोड आहे. त्याला डॅगर (†) लागलेला असतो, म्हणजे हा मूळ रोगाचा कोड. रोग कुठे बसलाय ते सांगायला दुसरा, ॲस्टरिस्कवाला (*) कोड जोडायचा: सांधा असेल तर एम०१.१, मणका असेल तर एम४९.०, हाड असेल तर एम९०.०, सांध्याचं अस्तर किंवा कंडरेचं आवरण असेल तर एम६८.०. ॲस्टरिस्कचा कोड एकटा कधीच जात नाही आणि मृत्यूचं मूळ कारण म्हणूनही चालत नाही. जोडी नीट लावली की काम झालं.

अमेरिकी पुस्तकात हाडांच्या टीबीसाठी ही जोडीच नाही. तिथे ए१८.० हे नुसतं शीर्षक आहे आणि त्याखाली चार कोड आहेत. ए१८.०१ मणक्याचा टीबी, ए१८.०२ इतर सांध्यांचा, ए१८.०३ इतर हाडांचा आणि ए१८.०९ स्नायू-अस्थी संस्थेतला बाकी सगळा. रोग आणि जागा दोन्ही त्या एका कोडातच येतात. एम४९.०, एम६८.० हे कोड या पुस्तकात मुळी नाहीतच. एम०१ आहे, पण त्याच्या खाली एक्सक्लूड्स वनची टीप (हे दोन कोड एकत्र लावायचे नाहीत, अशी) आहे आणि क्षयाच्या सांधेदाहाला ती सरळ ए१८.०१-ए१८.०२ कडे पाठवते. एम४९ खाली पॉट्सच्या मणक्यासाठी तशीच टीप आहे आणि एम६३ खाली क्षयाच्या स्नायुविकारासाठी, ती ए१८.०९ दाखवते.

आमच्या टीममध्ये एक सहकारी आले होते. आधीची बरीच वर्षं त्यांनी मृत्यूच्या कारणांचं कोडिंग केलेलं, सगळं मूळ पुस्तकातून. पहिल्या आठवड्यात त्यांच्या मणक्याच्या प्रत्येक चार्टवर ए१८.० आणि एम४९.० ही जोडी. सगळे परत. त्यांना चूक दाखवली तर त्यांनी शांतपणे स्वतःचं पुस्तक उघडून दाखवलं, आणि त्यांच्या पुस्तकाप्रमाणे ते शंभर टक्के बरोबर होते! म्हणून आता मी कुणाला "हे चूक आहे" म्हणण्याआधी विचारते, "कुठल्या पुस्तकातून?"

क्लेम का परत आला हे शोधायला फार डोकं लावावं लागत नाही, कारण परतीचा शेराच बोलतो. "कोड पुरेसा नेमका नाही" असं असेल तर पाचवं अक्षर राहिलंय. "असा कोड अस्तित्वात नाही" असं असेल तर तो दुसऱ्या पुस्तकातून आलाय. "हे दोन कोड एकत्र चालत नाहीत" असं असेल तर एक्सक्लूड्स वन मोडलंय. हा शेरा न वाचताच कोड बदलून पाठवायची सवय मोडा. त्यातूनच एकच क्लेम तीन-तीन वेळा फिरतो.

एक चौथाही प्रकार आहे, आणि तो मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला नसता तर विश्वास ठेवला नसता. इलेक्ट्रॉनिक क्लेममध्ये टिंब जात नाही, त्यामुळे ए१८.०१ तिथे ए१८०१ दिसतो आणि ए१८.० नुसता ए१८०. एका शीटवर कुणीतरी "पाचवं अक्षर लागतं" हे ऐकून ए१८० च्या पुढे शून्य जोडून दिलं होतं. ए१८.०० असा कोड नाही. सगळी शीट एका रांगेत बाद झाली, आणि शून्य जोडणाऱ्याचा दावा होता की त्याने नियमच पाळला.

चार कोडांपैकी कोणता

०१ बाकीच्या तिघांवर मात करतो. मणक्यातलं काहीही असो, तिथला सांधेदाह, तिथला हाडाचा दाह, स्पॉन्डिलायटिस, पोक आलेला वळलेला मणका, सगळं ए१८.०१ मध्ये. हाडांच्या टीबीतले साधारण निम्मे रुग्ण मणक्याचेच असतात, म्हणून हा कोड तुमच्या हाताखालून सगळ्यात जास्त जाणार.

डॉक्टर बहुतेक वेळा "पॉट्स स्पाइन" असं लिहितात. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यविशारदाने १७७९ मध्ये पोक आलेला मणका आणि लुळे पडलेले पाय यांचं वर्णन केलं, तेव्हापासून नाव चिकटलं. तेव्हा जंतू कुणाला माहीत नव्हता. रॉबर्ट कॉखने तो १८८२ मध्ये दाखवला. आपल्यासाठी अडचण अशी की पॉटचं नाव आणखी दोन ठिकाणी आहे. पॉट्स फ्रॅक्चर घोट्याचं असतं, आणि पॉट्स पफी ट्युमर हा कपाळाच्या हाडाच्या जंतुसंसर्गाने येणारा फुगवटा, त्याचा टीबीशी संबंध असेलच असं नाही. सर्चमध्ये "पॉट" टाकून पहिलं जे येईल त्यावर क्लिक करायचं नाही.

पाय लुळे पडले असतील तर जी८२.२ गटातला पॅराप्लेजियाचा कोड जोडून घाला. जी८२ च्या टीपेतच लिहिलंय की कुठल्याही कारणाने आलेला लुळेपणा दाखवायला हा गट जोडकोड म्हणून वापरता येतो. बरेच जण "मूळ रोग लिहिलाय ना" म्हणून हा सोडतात आणि रुग्ण किती गंभीर आहे ते कागदावर दिसतच नाही.

०२ मध्ये खुबा, गुडघा, घोटा, खांदा सगळे एकत्र. डावा-उजवा नाही, कुठला सांधा तेही नाही. हे लोकांना पटत नाही. गुडघेदुखीच्या कोडातसुद्धा डावा-उजवा असतो आणि गुडघ्याच्या टीबीत नसावा? नाही, नाही. मग बाजू दाखवायला म्हणून एम२५.५६१ (उजव्या गुडघ्याचं दुखणं) जोडलं जातं. दुखणं हे त्या आजाराचंच लक्षण आहे, आणि निदान पक्कं असेल तर त्याच्यासोबत नेहमी येणारं लक्षण वेगळं कोड करत नाहीत. बाजू डॉक्टरांच्या नोंदीत राहू द्या, कोडात ती बसणार नाही.

०३ वर थोडक्यात. लांब हाडं, बोटांची हाडं, बरगडी. कानामागचं मॅस्टॉइड हेही हाडच, म्हणून क्षयाचा मॅस्टॉइडायटिस इथे येतो, तर मधल्या कानाचा क्षय मात्र ए१८.६ मध्ये. कान म्हटलं की सगळं एका टोपलीत टाकू नका.

आणि आता ०९. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, कारण लोकांनी त्याला अडगळीची खोली करून टाकलंय. "नेमकं कळत नाही, मग ०९." खरं तर ०९ मध्ये काय येतं ते स्पष्ट आहे: स्नायूंचा दाह, सांध्याच्या अस्तराचा म्हणजे सायनोव्हायटिस, कंडरेच्या आवरणाचा म्हणजे टेनोसायनोव्हायटिस, आणि या संस्थेतले इतर अवयव. मनगटाच्या पुढच्या बाजूला हळूहळू वाढलेली, न दुखणारी सूज आणि आत तांदळाच्या दाण्यासारखे कण असं ऑपरेशन नोटमध्ये दिसलं आणि शेवटी टीबी ठरला, तर तो टेनोसायनोव्हायटिस, ए१८.०९.

पॉन्सेट्स डिसीज हे नाव क्वचित येतं, पण आलं की हमखास चुकतं. शरीरात दुसरीकडे टीबी असतो आणि सांधे सुजतात. सांध्यात मात्र जंतू नसतो. कोडर "सांधे" वाचून ०२ टाकतो. इंडेक्समध्ये, म्हणजे पुस्तकातल्या आजारांच्या नावांच्या सूचीत, पॉन्सेट ए१८.०९ कडे जातो.

खरा डोकेदुखीचा भाग सायनोव्हियम (सांध्याचं अस्तर) आणि सांधा यांच्यातला आहे. गुडघ्याच्या टीबीचा नमुना बहुतेक वेळा अस्तरातूनच घेतात. बायोप्सी रिपोर्टमध्ये लिहिलं जातं, "ग्रॅन्युलोमॅटस सायनोव्हायटिस." डॉक्टर वर लिहितात, "उजव्या गुडघ्याचा टीबी." कोडर बायोप्सी वाचून ०९ टाकतो, ऑडिटर डॉक्टरांची ओळ वाचून ०२ म्हणतो, आणि दोघं अर्धा तास वाद घालतात. हा वाद मी मिटवते तो असा. रोगनिदान उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं, कोडही त्यांच्याच शब्दांचा. "गुडघ्याचा टीबी" किंवा "टीबी आर्थ्रायटिस" लिहिलं तर ०२. "टीबी सायनोव्हायटिस" लिहिलं तर ०९. बायोप्सीतला शब्द आणि डॉक्टरांचा शब्द वेगळे असतील तर आपण मधला मार्ग काढायचा नाही, विचारायचं. इनपेशंट चार्टमध्ये तर निव्वळ पॅथॉलॉजी रिपोर्टवरून कोड लावायचाच नाही.

सोअसचं गळू

हा वेगळा लिहितेय, कारण "स्नायूंचा टीबी" म्हणून आलेल्या चार्टमध्ये बऱ्याचदा हेच निघतं. सोअस हा कण्याच्या बाजूने खाली मांडीपर्यंत उतरणारा स्नायू. कमरेच्या मणक्यात क्षय झाला की पू त्याच्या आवरणातून खाली घसरत जातो आणि कधी जांघेत येऊन गाठ म्हणून दिसतो. गरमपणा नाही, लाली नाही, म्हणून त्याला थंड गळू म्हणतात. निव्वळ स्नायूत सुरू झालेला टीबी फार विरळ असतो. तेव्हा "सोअस" दिसला की लगेच ०९ टाकण्याआधी एमआरआयचा रिपोर्ट वाचा आणि मणक्याबद्दल डॉक्टर काय म्हणतात ते बघा.

दुसरी चूक के६८.१२. हा सोअसच्या गळवाचाच कोड आहे, नावही तेच आहे, पण तो पचनसंस्थेच्या प्रकरणात, पोटाच्या पडद्यामागच्या संसर्गांच्या गटात बसतो. इंडेक्समध्ये "गळू" मधून शिरलात तर तो आधी भेटतो आणि हात तिथेच थांबतो. "क्षय" मधून शिरा. मणक्याचा टीबी लिहिलेला असेल तर तो धागा ए१८.०१ ला जाऊन पोचतो. मग टॅब्युलर, म्हणजे कोडांची क्रमवार यादी, उघडून वरच्या-खालच्या टिपा वाचा. एनकोडरने (कोड शोधून देणाऱ्या सॉफ्टवेअरने) दिलेला कोड टॅब्युलरमध्ये न पडताळता पाठवणं म्हणजे दुसऱ्याच्या सहीवर आपला शिक्का मारणं.

शब्दांचे सापळे

"बहुधा टीबी." अमेरिकी नियमात इनपेशंटला डिस्चार्जच्या वेळी "संभाव्य", "बहुधा", "शी सुसंगत" असं लिहिलं असेल तर निदान पक्कं असल्यासारखंच कोड करतात. आउटपेशंटला तसं चालत नाही. तिथे जी खात्रीची गोष्ट आहे तीच, म्हणजे दुखणं, सूज, सांध्यात साचलेलं पाणी. एकच डॉक्टर, एकच वाक्य, पण ओपीडीत आणि वॉर्डात कोड वेगळा. नवीन माणसाला हे सांगून पटत नाही, दोन क्लेम परत आल्यावर पटतं.

"तपासणीत जंतू सापडला नाही." मग टीबीचा कोड लावायचा की नाही? जुन्या आयसीडी-९-सीएममध्ये निदान कशावरून पक्कं झालं ते पाचव्या अंकात सांगावं लागे, त्यामुळे जुन्या लोकांच्या मनात ही भीती आहे. ए१८ मध्ये तशी अट नाही. मूळ पुस्तकात ए१५ आणि ए१६ हा जंतू सापडला-न सापडलाचा भेद श्वसनसंस्थेच्या टीबीपुरता आहे, आणि अमेरिकी पुस्तकात तर ए१६ नाहीच. डॉक्टरांनी निदान ठरवून उपचार सुरू केले असतील तर ए१८ लागतो.

"मायकोबॅक्टेरियल आर्थ्रायटिस." इथे थांबा. मायकोबॅक्टेरियम म्हटलं की टीबीच असं नाही. ए१५ ते ए१९ हे गट मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस आणि बोव्हिस यांचेच. कुष्ठरोगाचा (ए३०) सोडला तर बाकीचे ए३१ मध्ये. कल्चरमध्ये कोणती जात उगवली ते न बघता ए१८ टाकलात तर रुग्णाच्या नोंदीत नसलेला टीबी कायमचा चिकटतो.

"जुना टीबी." या दोन शब्दांनी मला सगळ्यात जास्त छळलंय. त्याचे तीन अर्थ होतात. रुग्ण अजून औषधं घेतोय, म्हणजे रोग चालू, ए१८ च. हाडांच्या टीबीचा कोर्स लांबलचक असतो, "सहा महिने झाले" म्हणजे संपला असं धरू नका. दुसरा अर्थ, रोग बरा झालाय पण सांधा खराब करून गेलाय. मग आधी आजची अडचण, उदाहरणार्थ खुब्याची झीज एम१६.७, आणि पाठोपाठ बी९०.२, म्हणजे हाडं-सांध्यांच्या क्षयाचा मागे राहिलेला परिणाम. क्रम उलटा केला की परत. तिसरा अर्थ, बरा झाला आणि काहीच मागे राहिलं नाही, झेड८६.११, पूर्वी टीबी होता एवढंच. चालू रोगाच्या रुग्णाला बी९०.२ लावणं ही मी पाहिलेली सगळ्यात वाईट चूक, कारण कागदावर तो बरा होऊन जातो.

क्वेरी कशी लिहायची

डॉक्टरांना "कृपया टीबीची जागा स्पष्ट करावी" अशी क्वेरी पाठवली की उत्तर येतं "एमएसके टीबी", म्हणजे नुसतं स्नायू-अस्थी संस्थेचा टीबी. डॉक्टरांकडे वेळ नसतो आणि त्यांच्या दृष्टीने त्यांनी सगळं लिहिलेलंच असतं. मी हल्ली असं लिहिते:

"सर, ४ तारखेच्या आपल्या नोंदीत ‘उजव्या गुडघ्याचा टीबी’ आहे. ६ तारखेच्या बायोप्सीत ग्रॅन्युलोमॅटस सायनोव्हायटिस आहे. एमआरआयमध्ये टिबियाच्या वरच्या टोकाला हाडाचा क्षरणभाग नोंदवलाय. आपल्या मते रुग्णाला यापैकी काय आहे: सांध्याचा टीबी, सायनोव्हियमपुरता मर्यादित टीबी, सांधा आणि हाड दोन्हींचा टीबी, अन्य काही, किंवा आत्ता सांगता येत नाही?"

यात दोन गोष्टी सांभाळल्यात. पुरावा तारखांसकट त्यांच्यासमोर ठेवलाय, आणि "अन्य" व "सांगता येत नाही" हे पर्याय सोडलेत. ते नसतील तर ती क्वेरी म्हणजे डॉक्टरांच्या तोंडात आपला कोड घालणं होतं. पैसे किती मिळतील याचा तर उल्लेखही नको. वरच्या क्वेरीला "दोन्ही" असं उत्तर आलं, आणि चार्ट ए१८.०२ व ए१८.०३ या दोघांनी गेला.

राहिलेलं

फुप्फुसाचाही टीबी असेल तर ए१५.० वेगळा लागतो. मणक्याचा कोड त्याला झाकत नाही. डॉक्टरांनी "मिलियरी" किंवा "सर्वत्र पसरलेला" लिहिलं तर ए१९ बघा. एचआयव्ही असेल आणि भरती त्याच्याशी निगडित आजारासाठी असेल तर अमेरिकी नियमात बी२० आधी. औषधांना दाद न देणारा टीबी असेल तर आधी टीबीचा कोड, मग झेड१६.३४ गटातला, एका औषधाला की अनेकांना ते बघून. मूळ पुस्तकात त्यासाठी यू८४.३ आहे. जिथे आयसीडी-११ कडे वळणं सुरू झालंय तिथे हा सगळा हिशेब नव्याने शिकावा लागेल. त्याचे कोड दिसतातच वेगळे, आणि तपशील जोडायची रीतही दुसरी आहे.

आमच्याकडचा निम्मा त्रास शेवटी एका साध्या गोष्टीने गेला. एनकोडरच्या ‘नेहमीचे कोड’ यादीत कुणीतरी कधीकाळी नुसता ए१८.० जतन करून ठेवला होता. टाइप केलं की तोच पहिला वर यायचा आणि सगळे त्यालाच क्लिक करायचे. तो काढला, चार पूर्ण कोड नावासकट टाकले, आणि सोबत बी९०.२ व झेड८६.११ ही दोन्ही ठेवली, म्हणजे "जुना टीबी" वाचल्यावर तिन्ही वाटा समोर दिसतात. तुमच्याही यादीत बघा, असेल.

आता परत येतात ते मुख्यतः "एमएसके टीबी, औषधं चालू" एवढंच लिहिलेले. आज सकाळीच एक आला. एमआरआय जोडलेला नाही, बायोप्सी बाहेर झालेली, जागेचा पत्ता नाही. क्वेरी पाठवलीय, उत्तर येईपर्यंत चार्ट होल्डवर.